अडुळसा : कुंपणावरील वैद्यमाता

हुडकेश्वरी दर्शनास येणारे भाविक दर्शन आटोपल्यावर आवारातील झाडाझुडपांपाशी थोडा वेळ थांबतात. बेल, शमी, रुई, धोत्रा, कण्हेर ही मंडळी सर्वांच्या ओळखीची. कारण त्यांची पाने-फुले पूजेस लागतात. कुंपणालगत वाढलेले, लांबट हिरव्या पानांचे अडुळशाचे झुडूप मात्र बहुतेकांच्या दृष्टीस पडत नाही. ज्यांच्या दृष्टीस पडते व ज्यांना ते ओळखता येते, ते ‘घरी मुलाला खोकला आहे’ असे म्हणून मूठभर पाला तोडून नेतात. प्रस्तुत लेख या दोन्ही प्रकारच्या भाविकांसाठी आहे. पहिल्यांना या वनस्पतीचा परिचय व्हावा आणि दुसऱ्यांनी पाला नेण्यापूर्वी काही गोष्टी जाणून घ्याव्यात, हा हेतू.

अडुळशाला देवपूजेत विशेष मान नाही. गणेशचतुर्थीस वाहिल्या जाणाऱ्या एकवीस पत्रींच्या नेहमीच्या यादीत त्याचे नाव आढळत नाही. त्याच यादीत कण्हेर व धोत्रा या विषारी वनस्पती आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अर्थात एखादे पान देवाला वाहिले जाते म्हणून ते पोटात घेण्यास योग्य ठरत नाही आणि जे वाहिले जात नाही ते निरुपयोगीही ठरत नाही. अडुळशाला मान दिला तो वैद्यांनी. आयुर्वेदाच्या निघंटूंमध्ये, म्हणजे वनस्पतींच्या नामकोशांमध्ये, त्याला ‘भिषङ्माता’ असे एक नाव आहे. भिषक् म्हणजे वैद्य; त्याची ती माता. रुग्णाच्या हाकेला जसा वैद्य धावतो, तशी वैद्याच्या हाकेला ही वनस्पती धावते, असा त्या नावाचा भाव घ्यावा.

ओळख

अडुळसा हे सदाहरित झुडूप होय. माणसाच्या उंचीएवढे किंवा त्याहून थोडे अधिक वाढते. पाने समोरासमोर जोडीने येतात. ती लांबट, दोन्ही टोकांस निमुळती, साधारण चार ते आठ इंच लांब व गुळगुळीत असतात. चुरगळल्यास विशिष्ट उग्र वास येतो आणि चव अतिशय कडू लागते. पान तोडले असता दुधासारखा चीक निघत नाही. फुले पांढरी, दोन ओठांची; खालच्या ओठावर जांभळट-गुलाबी रेघा असतात. हिवाळ्यात फुलोरा आला की या जबडा उघडल्यासारख्या फुलांकडे पाहून प्राचीनांनी ‘सिंहास्य’, म्हणजे सिंहाच्या मुखासारखे, हे नाव का दिले ते सहज पटते. वासा, वासक, वृष, आटरूषक, वाजिदंत ही त्याची आणखी संस्कृत नावे. वैद्यांच्या व्यवहारात ‘वासा’ हेच नाव रूढ आहे आणि औषधांच्या बाटलीवरही तेच छापलेले असते.

वनस्पतिशास्त्रात या झुडपास ‘जस्टिशिया अधाटोडा’ म्हणतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली हे नाव दिले. जुन्या मराठी व इंग्रजी ग्रंथांतून ‘अधाटोडा वासिका’ हे नाव आढळते, वनस्पती एकच. यातील ‘अधाटोडा’ हा शब्द दक्षिणेतील भाषांतून आला असून ‘शेळी ज्याला तोंड लावत नाही ते’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो. व्युत्पत्ती कशीही असो, अनुभव तोच आहे. गुरे व शेळ्या या कडू पाल्यास तोंड लावीत नाहीत, म्हणूनच शेताच्या धुऱ्यावर आणि परसाच्या कुंपणास अडुळसा लावण्याची चाल पडली. हुडकेश्वर हे पूर्वी नागपूरच्या दक्षिणेकडील स्वतंत्र गाव होते. आता ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून जेथे धुरे होते तेथे लेआऊट पडले, कुंपणांच्या जागी विटांच्या भिंती उभ्या राहिल्या. कुंपण गेले की कुंपणावरची वनस्पतीही जाते, आणि तिच्याबरोबर ती ओळखणारी दृष्टीही. आज पाला तोडणाऱ्यांची चूक होण्याचा संभव वाढला आहे तो यामुळेच.

चूक दोन प्रकारची होते. पहिली कण्हेरीची. मंदिराच्या आवारात पांढरी, तांबडी कण्हेर आणि पिवळी कण्हेर (बिट्टी) ही झाडे फुलांसाठी मुद्दाम लावलेली असतात. त्यांचीही पाने लांबट व बारमाही हिरवी. परंतु कण्हेरीची पाने अरुंद व चामड्यासारखी जाड असून बहुधा एकाच पेरावर तीन-तीन येतात. पिवळ्या कण्हेरीची पाने फार चिंचोळी असतात आणि तोडल्यावर पांढरा चीक वाहतो. या दोन्हींच्या सर्वांगात हृदयावर परिणाम करणारे तीव्र विष असते आणि ते प्राणघातक ठरू शकते. ज्याला अडुळसा नक्की ओळखता येत नाही, त्याने वासावरून वा अंदाजाने पाला तोडू नये.

दुसरी चूक नावाची. नागपुरास हिंदी भाषक, तसेच राजस्थान व गुजरातकडील मंडळी मोठ्या संख्येने आहेत. राजस्थानात महारुख या उंच वृक्षासही ‘अडूसा’ म्हणण्याचा प्रघात आहे. गुजरातीत अरडूसी म्हणजे आपला अडुळसा, तर अरडूसो म्हणजे महारुख. एका स्वराने वनस्पती बदलते! अडुळशाच्या वाळलेल्या पानांत महारुखाची पाने मिसळली जात असल्याची नोंद औषधी द्रव्यांच्या परीक्षेवरील ग्रंथांतून आढळते. महारुखाचे पान एका लांब देठावर अनेक पर्णिकांचे बनलेले असून पर्णिकांच्या कडा दंतुर असतात. अडुळशाचे पान सुटे व अखंड कडेचे असते. बाजारातून चुरा विकत घेणाऱ्यास मात्र हा भेद पाहता येत नाही. म्हणून चुऱ्यापेक्षा ओळखीच्या झाडाचे ताजे पान बरे.

आयुर्वेदातील स्थान

वासा ही रसाने कडू व तुरट, वीर्याने शीत आणि कफ व पित्त यांचे शमन करणारी मानली आहे. कास म्हणजे खोकला, श्वास म्हणजे दमा, क्षय आणि रक्तपित्त या विकारांत तिचा प्रमुख उल्लेख येतो. रक्तपित्त म्हणजे नाक, तोंड इत्यादी मार्गांनी रक्त पडणे. चिकट, पिवळसर कफ पडत असता अडुळसा अधिक उपयोगी आणि कोरड्या ढासेत तो एकटा न देता ज्येष्ठमधासारख्या स्निग्ध द्रव्यासह द्यावा, असा वैद्यांचा सामान्य संकेत आहे. ‘खोकला म्हटला की अडुळसा’ हे समीकरण लोकांनी सोयीसाठी केलेले आहे. वैद्य आधी खोकल्याचा प्रकार पाहतो.

अडुळशाच्या ताज्या पानांचा रस सहजासहजी निघत नाही. पाटा-वरवंट्यावर वाटून पिळले तरी हाती थोडे थेंब येतात. यासाठी शार्ङ्गधरसंहितेत पुटपाकाची रीत सांगितली आहे. पाने वाटून त्यांचा गोळा करावयाचा, तो मोठ्या पानांत गुंडाळून वरून मातीचा लेप द्यावयाचा आणि गोवऱ्यांच्या विस्तवात भाजावयाचा. माती तांबूस झाली की गोळा काढून पिळल्यास रस निघतो. घरोघरी ही खटपट होत नाही. गृहिणी पाने धुऊन वाफेवर अथवा तव्यावर कोमट करतात, मग वाटून फडक्यातून पिळतात. तत्त्व तेच. हा रस मधाबरोबर दिला जातो. मध गरम करू नये किंवा कढत द्रवात घालू नये, असा आयुर्वेदाचा दंडक आहे. रस निवल्यावर मध मिसळावा.

वासावलेह, वासारिष्ट, वासाघृत हे तयार कल्प औषधी दुकानांत मिळतात. अवलेहात साखर पुष्कळ असते, हे मधुमेही व्यक्तींनी विसरू नये. ‘आयुर्वेदिक आहे, मग साखरेचे काय?’ असा प्रश्न विचारणारे भेटतात. साखर कोणत्याही पॅथीची नसते.

प्रयोगशाळेतील अडुळसा

परंपरेने सांगितलेल्या अनेक वनस्पती शास्त्रीय परीक्षेत मागे पडल्या. अडुळसा मागे पडला नाही. डेव्हिड हूपर यांनी १८८८ साली त्याच्या पानांतून एक अल्कलॉईड, म्हणजे कडू क्रियाशील द्रव्य, वेगळे केले. वासा या नावावरूनच त्याला ‘वासिसीन’ हे नाव मिळाले. पुढे १९५९ साली अमीन व मेहता या भारतीय संशोधकांनी ‘वासिसिनोन’ या दुसऱ्या द्रव्याविषयीचा निबंध ‘नेचर’ या प्रख्यात नियतकालिकात प्रसिद्ध केला. श्वासनलिका प्रसरण पावविण्याचा गुण त्यांना त्यात आढळला होता. १९६० च्या दशकात जर्मनीत वासिसीनच्या रचनेवरून ‘ब्रोमहेक्सीन’ हे औषध सिद्ध करण्यात आले आणि त्यापाठोपाठ ‘ॲम्ब्रॉक्सॉल’ आले. चिकट कफ पातळ करून तो सुटण्यास मदत करणे हे या दोहोंचे कार्य. आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील खोकल्याच्या कितीतरी औषधांच्या वेष्टनावर ही दोन नावे बारीक अक्षरांत आढळतील. ॲलोपॅथीचे औषध घेतो म्हणून अडुळशाकडे नाक मुरडणाऱ्याच्या घरातही तो असा वेषांतर करून गेलेला असतो.

तथापि गाळलेला रस आणि कारखान्यातील गोळी यांत एक भेद राहतो. गोळीत द्रव्याचे प्रमाण ठरलेले असते. पानातील प्रमाण मात्र जमीन, ऋतू आणि पानाचे वय यांनुसार कमी-अधिक होते. अधिक मात्रेने मळमळ, उलटी व जुलाब होतात. मात्रा वैद्याने ठरवावी असे म्हणतात, त्याचे कारण हेच.

कोणी घेऊ नये

गर्भवती स्त्रीने अडुळसा घेऊ नये. लेखातील सर्व काही विसरले तरी चालेल, परंतु एवढे स्मरणात असावे. वासिसीनमुळे गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत या गुणाचा विस्ताराने अभ्यास झाला असून, प्रसूतीच्या वेळी कळा वाढविणारे तसेच गर्भपात घडविणारे द्रव्य म्हणून वासिसीनचे वर्णन १९८० साली प्रसिद्ध झाले. घरात सर्वांना एकाच पातेल्यातील काढा वाटून देण्याची रीत आपल्याकडे आहे. सासूबाई प्रेमाने सुनेच्याही हाती पेला देतात. पावसाळ्यात घरोघरी सर्दी-पडसे असताना असा काढा करावयाचा झाल्यास गर्भवतीसाठी तो वेगळा, अडुळशाविना करावा आणि तोही डॉक्टरांस विचारून. जिला दिवस गेल्याची केवळ शंका आहे, तिनेही हा नियम पाळावा.

लहान मुलांविषयी अधिक सावधपणे लिहावे लागते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारांसाठी नागपुरातच आणले होते. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. या दुर्घटनेनंतर केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सूचना काढून, दोन वर्षांखालील बालकांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत व पाच वर्षांखालील मुलांना ती सामान्यतः देण्याचे टाळावे, असे कळविले.

अशा घटनेने आईबापांचे मन बाटलीवरून उडून पाल्याकडे वळावे, हे स्वाभाविक आहे. मंदिरातील झाडाचा पाला, त्यात भेसळ कसली, असे त्यांना वाटते. परंतु भेसळ नसणे आणि बाळास मानवणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. बाळाला कोणता डोस द्यावा हे कडू रसाच्या चमच्यावरून ठरविता येत नाही. शिवाय रसाबरोबर मध चाटविला जातो आणि एक वर्षाखालील बाळास मध देणे धोक्याचे असते. मधात क्वचित असणाऱ्या जंतूंमुळे त्या वयात स्नायू लुळे पडण्याचा गंभीर विकार होऊ शकतो. लहान मुलांचा सर्दी-खोकला बहुतांशी विषाणूंमुळे होतो व तो औषधाविना काही दिवसांत आपोआप बरा होतो. मूल जोरजोरात श्वास घेत असेल, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ते अंगावर पीत नसेल, तर मात्र काढा, रस, अंगारा यांपैकी कशातही वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. देवाचा अंगारा रुग्णालयातून परतल्यावरही लावता येतो.

दोन आठवड्यांचा नियम

अडुळशाचा सर्वांत मोठा धोका त्याच्या विषारीपणात नाही. तो त्याच्या गुणात आहे. अडुळशाने खरोखरच आराम पडतो. कफ सुटतो, छाती हलकी होते, रात्री झोप लागते आणि रुग्णास वाटते की आजार गेला. खोकला हे लक्षण आहे. त्यामागील आजार क्षयरोग असेल तर लक्षण दबते व आजार आत वाढत राहतो. शिवाय घरातील माणसे त्याच हवेत श्वास घेत असतात.

प्राचीन वैद्यांनी क्षयावर वासा सांगितली हे खरे आहे. त्यांच्या काळी रोगाचा जंतू ठाऊक नव्हता. तो रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखविला आणि त्यावर परिणामकारक असे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले. त्यापूर्वी वैद्याच्या हाती जे होते त्यातील उत्तम ते त्याने दिले. ब्रोमहेक्सीन व ॲम्ब्रॉक्सॉल यांचा क्षयजंतूंवर प्रयोगशाळेतील काचपात्रात काही परिणाम दिसल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले आहे. त्याचा आधार घेऊन ‘अडुळशाने टीबी जातो’ असे सांगणारे लोक आढळतात. काचपात्रात जे घडते ते फुप्फुसात घडेलच असे नाही, आणि अडुळशाच्या रसाने क्षयरोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. क्षयरोगाची औषधे साधारणपणे सहा महिने, न चुकता, पूर्ण घ्यावी लागतात. मध्येच सोडल्यास जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात.

यास्तव नियम असा : खोकला दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकला, तर अडुळसा चालू असो वा नसो, थुंकीची तपासणी करून घ्यावी. संध्याकाळी अंगात ज्वर येणे, वजन घटणे, रात्री घाम येणे, भूक मंदावणे ही लक्षणे असल्यास दोन आठवडेही थांबू नये. थुंकीतून रक्त पडल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ग्रंथांत रक्तपित्तावर वासा सांगितली आहे, म्हणून रक्त पडत असता घरच्या घरी रस पीत बसणे हा ग्रंथाचाही अवमान आहे. कारण ग्रंथ वैद्यासाठी लिहिलेला आहे.

तपासणीसाठी हुडकेश्वरहून दूर जावे लागत नाही. मेडिकल चौकातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि शहराच्या मध्यभागी मेयो या नावाने सर्वपरिचित असलेले इंदिरा गांधी शासकीय रुग्णालय येथे क्षयरोगाची तपासणी होते. बाहेरगावच्या भाविकांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. निक्षय पोषण योजनेतून रुग्णास आहारासाठी दरमहा मिळणारे साहाय्य २०१८ साली ५०० रुपये होते. ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आले. ज्यांना आयुर्वेदिक उपचारच हवे असतील त्यांच्यासाठी सक्करदरा भागात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथील वैद्य प्रकृती पाहून औषध देतात आणि तेही आवश्यक तेथे थुंकीची तपासणी सांगतातच. दोन्ही शास्त्रांत भांडण लावण्याचे काम रुग्णाने करू नये. क्षयाची औषधे घेत असताना अडुळसा चालेल का, हे औषध देणाऱ्यास स्पष्ट विचारावे, लपवू नये.

लागवड

मंदिराच्या आवारातील झुडपांचा पाला ओरबाडला गेल्यास ती खुरटतात. ज्यांना अडुळसा हवा आहे त्यांनी तो घरी लावावा, हेच उत्तम. परसदार नसल्यास मोठी कुंडीही पुरते. बी रुजविण्याची खटपट नको. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या, वीतभर लांबीच्या पक्व फांद्या पावसाळ्याच्या आरंभी तिरप्या कापून, दोन डोळे मातीत जातील अशा बेताने लावाव्यात. पाणी साचू देऊ नये. नागपूरचा उन्हाळा या झुडपास सोसतो, मात्र पहिल्या वर्षी वैशाखात सकाळ-संध्याकाळ पाणी व दुपारी थोडी सावली द्यावी. शेळ्यांची भीती नाही. पाने फार कोवळी वा पिवळी पडलेली न घेता पूर्ण वाढलेली हिरवी घ्यावीत आणि एका फांदीची सर्व पाने एकाच वेळी काढू नयेत. आंबे वा इतर फळे साठविताना अडुळशाची पाने खाली-वर पसरण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पाल्याच्या गुणाने बुरशी व किडे दूर राहतात. छाटलेला पाला बांधात टाकल्यास त्याचे हिरवळीचे खतही होते.

हिवाळ्यात फुले आल्यावर झुडपावर मधमाश्या व भुंगे सतत येत असतात. त्या दिवसांत छाटणी करू नये. ती फुलोरा ओसरल्यावर, फाल्गुनात करावी.